बेतण्याआधी

अकरा वर्षं मी लोकांची मापं घेतली,
लग्नांची, बारशांची,
मयताच्या काळ्या-लाल झग्यांची,
आणि दर शनिवारी थोडे सेडी
बटणांच्या डब्यात टाकले, बटणांच्या खाली.
आता डब्याचं झाकण लागत नाही.

म्हणून आज केटाच्या खाजणाकाठी आले.
सत्तर फूट बाय शंभर,
चार कोपऱ्यांत चार सिमेंटचे खांब,
मधे वाळू, थोडं गवत, एक शेळी.
दलालाचं नाव प्रॉस्पर.
"मॅडम, आजच काय ते सांगा,
जर्मनीतला एक माणूस डोळे लावून बसलाय."
बसू दे.
कापडबाजारात हे मी रोज ऐकते:
शेवटचा तुकडा. अगदी शेवटचा.

मी कापड घेते तेव्हा आधी उलटी बाजू बघते.
सुलट बाजू काय, सगळ्यांनाच हसून दाखवते.
मग किनार. मग एक धागा ओढून
काडीवर जाळते,
वासावरून कळतं सूत की सोंग.
मग रात्रभर पाण्यात.
आटायचं ते आधी आटू दे,
बेतल्यावर आटलं तर अंगावर येतं.

पण जमिनीची उलटी बाजू कुठली?
आग्बेको म्हणाला, असते. खाली.
तो विहिरी खणतो,
दोन बोटं एका विहिरीतच ठेवून आलाय.
नऊ फुटांवर पाणी लागलं.
प्रॉस्परने टाळी वाजवली.
आग्बेकोने ओंजळ माझ्यापुढे धरली.
मी जीभ लावली.
समुद्र.
"माणसाला चालायचं नाही," तो म्हणाला,
"सळयांनाही नाही.
घर बाहेरून हसत राहील, आतून गंजेल."

शेजारच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला
एक तपकिरी रेघ, धावदोऱ्यासारखी सरळ.
ही कुणी मारली, विचारलं,
तर तिथलं पोर म्हणालं, "खाजणाने.
आलं होतं. चार दिवस राहून गेलं."

मागच्या कुंपणावर लाल अक्षरं:
ही जागा विकाऊ नाही.
त्यातल्या 'नाही'वर चुना फासलेला.
ऊन चढलं तसं
चुन्याखालून 'नाही' परत वर आलं.
कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणतात.
इथं तर दिसत होतं.

नकाशात बारा फुटी रस्ता आहे, शाईने काढलेला.
त्या रस्त्यावर एक बाई कसावा उपटत होती.
प्रॉस्पर तिच्याकडे बघेना.
दलाल जिकडे बघत नाही
तिकडे बघावं.

"हे कुणाचं, मावशी?"
तिने हात थांबवला नाही.
"आईचं. आई तिथं आहे,"
हनुवटीने एक खांब दाखवला.
"तो खांब आधी पलीकडे होता.
मागच्या महिन्यात चालत आला.
भावांनी जागा विकली. दोनदा.
दोन्ही वेळा बाटली फोडून पूर्वजांना पाजली.
पूर्वजांचं काय, ओतलं की पितात.
माझा अंगठा कुणी मागितला नाही."
थोड्या वेळाने म्हणाली,
"मागितला असता तर दिला असता का,
तेही मला कुणी विचारलं नाही."

तिच्या खांद्याची शिवण उसवली होती.
माझा हात आपोआप पिशवीतल्या सुईकडे गेला.
ती बोलत होती, मी टाके घालत होते.
प्रॉस्परने दोन फोन केले,
तिसऱ्याला बोलता बोलता
मोटारसायकलवर बसून निघून गेला.
आग्बेको खणलेला खड्डा बुजवत होता,
पैसे न घेता,
"शेळी पडेल" म्हणून.

निघताना एन्योनामने
(नाव तेव्हा कुठे विचारलं मी)
चार कसावे पिशवीत घातले.
"वरच्या अंगाला, बाओबाबच्या पलीकडे बघ.
तिथं वारुळं आहेत.
मुंग्या खाऱ्यात घर करत नाहीत.
पण जागा कुणाची
ते बायकांना विचार.
एकेकीला. वेगवेगळं.
आणि सगळ्या एकच नाव सांगू लागल्या
तर पुन्हा विचार."